मिठाला पर्याय, पण प्रत्येक घरासाठी नाही

घरच्या स्वयंपाकातला एक जिन्नस बदलून पक्षाघात टाळता येईल का? जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी 2025 मध्ये याचे उत्तर सावधपणे 'हो' असे दिले. नेहमीच्या मिठाऐवजी कमी सोडियमचे, पोटॅशियमयुक्त मीठ वापरावे, अशी ही शिफारस आहे. मात्र तिला अटी आहेत, आणि दुकानातून पाकीट घरी येताना नेमक्या त्याच मागे राहतात.

या मिठात सोडियम क्लोराईडचा काही भाग काढून त्याजागी पोटॅशियम क्लोराईड घातलेले असते. सोडियम रक्तदाब वाढवते, पोटॅशियम तो उतरवायला मदत करते. चीनमधील 600 गावांत सुमारे 21 हजार लोकांवर झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष 2021 मध्ये प्रसिद्ध झाले. पक्षाघात होऊन गेलेले किंवा साठी ओलांडलेले व उच्च रक्तदाब असलेले हे लोक होते. निम्म्या गावांना 75 टक्के सोडियम व 25 टक्के पोटॅशियम क्लोराईड असलेले मीठ दिले गेले. सुमारे पाच वर्षांत त्या गावांत पक्षाघात 14 टक्क्यांनी आणि मृत्यू 12 टक्क्यांनी कमी आढळले.

आपल्याकडे हा उपाय विशेष लागू पडतो. पाश्चात्त्य देशांत बहुतेक मीठ पाव, चीज, डबाबंद पदार्थांतून पोटात जाते. आपल्याकडे ते मुख्यतः फोडणीच्या भांड्यात पडते. दिवसाला 5 ग्रॅम, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा ही मर्यादा असताना आपण त्याहून बरेच जास्त खातो.

अडचण पोटॅशियमची आहे. जादा पोटॅशियम शरीराबाहेर टाकण्याचे काम मूत्रपिंड करते. ते कमकुवत असेल तर रक्तातील पोटॅशियम वाढते आणि हृदयाचे ठोके अनियमित होऊ शकतात. अनेकदा आधी कोणतेही लक्षण दिसत नाही. म्हणूनच मूत्रपिंडाचे रुग्ण, गर्भवती आणि लहान मुले यांना जागतिक संघटनेने या शिफारशीतून वगळले आहे. रक्तदाबाच्या टेल्मिसार्टन, लोसार्टन, रॅमिप्रिल यांसारख्या गोळ्या आणि स्पायरोनोलॅक्टोन यांनीही पोटॅशियम वाढू शकते. म्हणजे मीठ बदलण्याची ज्यांना सर्वाधिक गरज, त्यांनीच आधी डॉक्टरांना विचारायला हवे. क्रिएटिनिन आणि पोटॅशियम या रक्ताच्या साध्या तपासण्यांनी बरेचसे स्पष्ट होते. गोळ्या मात्र स्वतःहून बंद करू नयेत.

शिवाय आपल्या घरात आमटी सगळ्यांची एकाच पातेल्यात शिजते. मुलाच्या रक्तदाबासाठी आणलेले मीठ मधुमेहाने मूत्रपिंड कमजोर झालेल्या आजीच्या ताटातही जाते. त्यामुळे निर्णय एका रुग्णाचा नसून पातेल्याचा आहे. घरातल्या एकालाही हे मीठ वर्ज्य असेल, तर साधे आयोडिनयुक्त मीठच कमी वापरणे अधिक सुरक्षित.

सैंधव हा पर्याय नव्हे. त्यातही जवळजवळ सगळे सोडियम क्लोराईडच असते, आणि आयोडिन बहुधा नसते. खाण्याच्या सोड्याकडेही लक्ष हवे: 5 ग्रॅम सोड्यात सुमारे 1.4 ग्रॅम सोडियम, म्हणजे दिवसभराच्या मर्यादेच्या दोन तृतीयांश. ढोकळा, केक, भजी बेताने खाण्याचे हेही एक कारण.

खरा, बिनखर्चाचा बदल चवीचा आहे. लिंबू, आमसूल, चिंच, जिरे, लसूण यांच्या जोरावर भाजीतले मीठ हळूहळू कमी करता येते. काही आठवड्यांत जीभ सरावते. ताटात वेगळे मीठ वाढू नये, भात-पोळीत घालू नये, लोणचे-पापड रोज नको.

सरकारी पातळीवरही काम आहे. कमी सोडियमचे मीठ साध्या मिठापेक्षा महाग असल्याने ते गरजू घरांपर्यंत पोहोचत नाही. ते स्वस्त व्हायला हवे. पण त्याआधी पाकिटावर मूत्रपिंडाच्या रुग्णांसाठीचा इशारा मोठ्या मराठी अक्षरांत छापला जायला हवा.