आधी ‘मुंबईचें वर्णन’ शोधून दाखवा

केंद्र शासनाच्या ‘वन नेशन, वन सबस्क्रिप्शन’ या योजनेखाली तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपयांची तरतूद होऊन, ३० आंतरराष्ट्रीय प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिके जानेवारी २०२५ पासून देशातील शासकीय उच्चशिक्षण संस्थांना खुली झाली, आणि ज्या ग्रंथालयांचे आयुष्य वर्गणीच्या मंजुरीची वाट पाहण्यात गेले त्यांच्यापुढे आता विपुलतेचा प्रश्न उभा राहिला. पुस्तके, प्रबंध आणि लेख एकाच चौकटीतून शोधून देणारी यंत्रणा, जिला ग्रंथपालांच्या व्यवहारात ‘डिस्कव्हरी’ म्हणतात, ती विकत घेण्याची दरखास्त त्यापाठोपाठ येणे ओघानेच आले.

अशा खरेदीचा रिवाज ठरलेला आहे. प्रात्यक्षिकाच्या दिवशी विक्रेत्याचा प्रतिनिधी हवामानबदलाविषयीचे दोनचार इंग्रजी शब्द टंकतो, क्षणार्धात लाखभर निकाल पडद्यावर येतात, समिती माना डोलावते, आणि पुढे तुलनात्मक तक्त्यात ज्याचा दर सर्वांत कमी त्याच्या नावापुढे शिफारशीचा शेरा पडतो. या प्रात्यक्षिकाने काहीही सिद्ध होत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. कारण इंग्रजी लेखांच्या नोंदी प्रकाशक स्वतःच तयार करून पुरवतात आणि त्या शोधण्यात कोणतीही नावाजलेली यंत्रणा सहसा कमी पडत नाही. परीक्षा घ्यायची तर ती आपल्या फडताळातील मराठी ग्रंथांवर घ्यावी.

गोविंद नारायण माडगांवकरांचे १८६३ साली प्रसिद्ध झालेले ‘मुंबईचें वर्णन’ घ्या. ‘चें’वरील अनुस्वाराने १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनंतर रजा घेतली असल्यामुळे आजचा विद्यार्थी ‘मुंबईचे’ असेच टंकणार, आणि केवळ अक्षराला अक्षर जुळवणारी यंत्रणा असा ग्रंथच नाही म्हणून त्याला निःशंकपणे सांगणार. त्याने नुसते ‘मुंबई’ टंकले तरी, प्रत्यय लागलेले रूप हे मूळ शब्दाचेच असते हे तिला शिकवलेले नसेल, तर उत्तर तेच. लेखकाच्या नावाने जावे तर ‘माडगांवकर’ आणि ‘माडगावकर’ ही दोन माणसे होऊन बसतात. नोंद परदेशी ग्रंथालयातून रोमन लिपीत उतरवून घेतलेली असली तर प्रकरण आणखी बिकट, कारण तिकडच्या लिप्यंतरात ‘च’साठी एकटा ‘सी’ असतो आणि ‘वर्णन’च्या शेवटी आपण कधीही न उच्चारलेला ‘ए’.

महात्मा फुल्यांच्या ‘शेतकऱ्याचा असूड’मधील अडचण तर डोळ्यांना दिसतही नाही. त्यातील ‘ऱ्या’ संगणकात दोन निरनिराळ्या संकेतक्रमांनी साठवता येतो आणि पडद्यावर दोन्हींचे रूप सारखेच उमटते. नोंद करणाऱ्याच्या कळफलकाने एक क्रम घेतला आणि वाचकाच्या फोनने दुसरा, की भेट चुकली. ‘असूड’ की ‘आसूड’, हा घोळ त्याखेरीज. (खिडकीवरच्या जुन्या सहायकाला विचारावे, तर तो न बोलता पुस्तक आणून देतो, पण तोही कधीतरी निवृत्त व्हायचाच.)

ही दुखणी असाध्य नाहीत. २००० साली न्यूझीलंडमधील एका ग्रंथालयात प्रथम चालू झालेली आणि आज आपल्याकडेही रुळलेली ‘कोहा’ ही ग्रंथालय-प्रणाली घ्या, किंवा अमेरिकेतील व्हिलानोव्हा विद्यापीठाने घडवलेली ‘व्ह्यूफाइंड’ ही शोधयंत्रणा घ्या. मुक्त प्रणाली असल्याने त्यांची अनुक्रमणिका देवनागरीला मानवेल अशी बसवता येते. मात्र हे करणारा मराठी जाणणारा तंत्रज्ञ, आणि जुन्या टंकांत भरलेल्या नोंदी युनिकोडात आणून एकेक तपासणारा सूचीकार, यांच्या वेतनाची बाब अंदाजपत्रकात नसते. यंत्रणेच्या वार्षिक शुल्काची हटकून असते. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातील मराठी ग्रंथांची सूची सिद्ध करून १९४३ साली प्रसिद्ध केली. त्या जातीचे काम आपल्यासाठी कोणी परदेशी विक्रेता करील ही अपेक्षाच व्यर्थ होय.

विक्रेत्यांविषयी एक गोष्ट नमूद केली पाहिजे. ‘समन’ ही डिस्कव्हरी यंत्रणा विकणाऱ्या प्रोक्वेस्टने २०१५ साली तशीच ‘प्रिमो’ विकणारी एक्स लिब्रिस घेतली, २०२१ मध्ये प्रोक्वेस्टच क्लॅरिव्हेटच्या ताब्यात गेली, आणि एब्स्को तर लेखांचे संचही विकते व ते शोधण्याची यंत्रणाही. माल विकणारा आणि माल दाखवणारा एकच असला म्हणजे निकालांचा क्रम कशावर ठरतो, याचा लेखी खुलासा मागणे ग्रंथपालास प्राप्तच आहे.

निविदा काढण्यापूर्वी मराठी विभागातील एक अध्यापक आणि देवघेवीच्या खिडकीवरील तो सहायक, असे दोघे समितीवर घ्यावेत; त्यांनी अनुस्वाराची, जोडाक्षरांची, दुहेरी लेखनाची पन्नासेक शीर्षके निवडून ती विद्यार्थी टंकतात तशीच, चुकांसह, विक्रेत्यासमोर टंकून पाहावीत; आणि ज्या यंत्रणेला त्यांतील निम्मीही सापडत नाहीत तिच्या दरपत्रकाचा लिफाफा उघडूच नये. जी निवडली जाईल तिच्या करारनाम्यात, सेवा संपल्यावर आपल्या सर्व नोंदी ‘मार्क’ या ग्रंथालयीन नोंदींच्या प्रमाण स्वरूपात विनाशुल्क परत मिळतील, हे कलम सहीपूर्वी घालून घ्यावे.