नशा आवाजाची की भीती पालकांची?

अमेरिकेतील ओक्लाहोमा राज्यात, मस्टँग येथील शाळेत २०१० मध्ये काही विद्यार्थी नशेत असल्यासारखे आढळले. इंटरनेटवरून घेतलेले आवाज ऐकल्याचे त्यांनी सांगितले. शाळेने पालकांना सावध केले, राज्याच्या अमली पदार्थविरोधी विभागानेही इशारा दिला आणि 'डिजिटल ड्रग्ज'चा बोलबाला जगभर झाला.

वस्तुतः यामागील तत्त्व जर्मन शास्त्रज्ञ हाइन्रिश डोव्ह यांनी एकोणिसाव्या शतकातच नोंदवले होते. एका कानात ४०० आणि दुसऱ्या कानात ४१० हर्ट्‌झचा स्वर सोडला, तर मेंदूला सेकंदाला १० स्पंदने जाणवतात. शरीरात कोणतेही रसायन जात नाही. अमली पदार्थासारखी नशा चढते, याला भक्कम पुरावा नाही.

'ग्लोबल ड्रग सर्व्हे'चे २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेले विश्लेषण येथे महत्त्वाचे ठरते. ३० हजारांहून अधिक जणांपैकी सुमारे ५ टक्के जण असे आवाज ऐकत होते. त्यातील बहुतेकांना झोप किंवा विश्रांती हवी होती. नशेसाठी ऐकणारे सुमारे १२ टक्केच होते.

नागपुरातील नंदनवनसारख्या वसाहतीत बारावी, 'नीट', 'जेईई'ची तयारी करणाऱ्या मुलांच्या पालकांनी हा तपशील ध्यानात घ्यायला हवा. हेडफोन हिसकावल्याने मूल लपवाछपवी शिकेल. त्याची झोप का उडाली, हे मात्र कळणार नाही. शिवाय आवाजाचाच बाऊ केला, तर खऱ्या अमली पदार्थाकडे दुर्लक्ष होण्याचा धोका उरतो. आधी मुलाशी बोलावे; गरज भासल्यास केंद्र सरकारची 'टेलि-मानस' सेवा १४४१६ या क्रमांकावर उपलब्ध आहे.