परपीडा आणि राजनीति

परराज्यांतील प्रजेवर तिचेंच सरकार जुलूम करीत असतां आपल्या सरकारनें बोलावें कीं मौन धरावें? धर्मबुद्धि म्हणते, बोलावें. परंतु सरकारें केवळ धर्मबुद्धीनें बोलत नाहींत. तीं केव्हां बोलतात व केव्हां थांबतात, हें आम्ही इतिहासांतील कांहीं उदाहरणांवरून पाहूं.

सन १९४६ मध्यें दक्षिण आफ्रिकेनें तेथील हिंदी लोकांच्या जमीनधारणेवर नवे निर्बंध घातले. हिंदुस्थान अद्यापि परतंत्र होता; तरी त्यानें त्या देशाशीं व्यापार तोडला व आपलें गाऱ्हाणें संयुक्त राष्ट्रसंघापुढें नेलें. श्रीमती विजयालक्ष्मी पंडित यांनीं तें मांडलें. हा आमचा घरगुती प्रश्न आहे, असा जनरल स्मट्स यांचा बचाव होता. तो टिकला नाहीं. ८ डिसेंबर रोजीं ३२ विरुद्ध १५ मतांनीं ठराव हिंदुस्थानच्या बाजूनें झाला. घरांतील जुलूम घरापुरता राहत नाहीं, हें तत्त्व आपणच जगास सांगितलें.

पुढें दहाच वर्षांनीं, नोव्हेंबर १९५६ मध्यें, सोव्हिएट रणगाड्यांनीं हंगेरीचा उठाव चिरडला. सैन्य मागें घ्यावें, या ४ तारखेच्या ठरावावर भारत तटस्थ राहिला. राष्ट्रसंघाच्या देखरेखीखालीं तेथें निवडणुका व्हाव्यात, या ९ तारखेच्या ठरावाविरुद्ध तर त्यानें मत दिलें. काश्मीरचा वाद तेव्हां राष्ट्रसंघापुढें होता, आणि त्या वादांत रशियानें १९५५ मध्येंच आपली बाजू उघडपणें घेतली होती. कौटिल्याच्या षाड्गुण्यांत 'आसन', म्हणजे स्वस्थ बसणें, हाही एक गुणच आहे. पण ज्याच्या दारावरून रणगाडे जातात, त्यास तो गुण कसा वाटावा?

तर मग परराष्ट्रनीतींत न्यायास जागाच नाहीं काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. दक्षिण आफ्रिकेवर कडक निर्बंध घालण्यास अमेरिकेचे अध्यक्ष रीगन यांचा विरोध होता. परंतु विद्यार्थी, धर्मसंस्था व सामान्य नागरिक यांनीं चळवळ चालविली, आणि १९८६ मध्यें तेथील विधिमंडळानें अध्यक्षांचा नकाराधिकार मोडून कायदा केला.

तात्पर्य, सरकारें स्वार्थ पाहणारच. त्यांस न्यायाचें माप एकच ठेवावयास लावणें हें प्रजेचें काम आहे. त्याचा आरंभ घरांतूनच व्हावा. वर्तमानपत्र वाचतांना मुलामुलींनीं वडील माणसांस खुशाल विचारावें: हाच जुलूम मित्रराष्ट्रानें केला असता, तर आपण काय म्हटलें असतें?