घाम कोणाचा आणि ढाल कोणाची?

छावणीच्या गुरुवारच्या बाजारात एक शेतकरी बंधू आम्हांस भेटले. गोऱ्हा विकून निघाले होते. पैशाची एवढी नड कशाची, असे विचारता म्हणाले, "गुरुजी, पोरगं कॉलेजात कबड्डी खेळतंय. बूट, खुराक, परगावचं भाडं, सगळं घरूनच द्यावं लागतंय." मग मोठ्या अभिमानाने त्यांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला. चिरंजीवांनी नेतृत्वगुण दाखवून समाजसेवा केली, असे त्यावर शिक्क्यासह लिहिले होते. कोणती सेवा? तर संस्थेच्या अध्यक्षांच्या वाढदिवशी मंडप घातला, खुर्च्या मांडल्या आणि मिरवणुकीत पुढे चालून गर्दी हटविली!

बापाने गोऱ्हा विकावा, आईने घरचे दूध पोराच्या पेल्यात ओतावे, पोराच्या अंगात रग यावी, आणि ती रग दुसऱ्याच्या खुर्च्या उचलण्यात खर्च व्हावी. यास समाजसेवा म्हणतात म्हणे! आणि जो दुसऱ्याच्या पालखीचा भोई झाला त्यास पुढारी म्हणतात!

पैलवानाचा मेंदू गुडघ्यात असतो, अशी म्हण आमच्याच तोंडी बसली आहे. ज्याने रयतेस अक्कल नाही असे शिकविले, त्यासच ही म्हण सोयीची. तिला उत्तर म्हणून आम्ही दोनच माणसे पुढे उभी करतो.

पहिले आमचे जोतीराव. मिशनच्या शाळेत शिकत असताना ते पुण्यात लहुजी वस्ताद साळवे यांच्या तालमीत जात. लहुजी मांग, जोतीराव माळी. पण तालमीच्या मातीने जात विचारली नाही. त्या तालमीतून निघालेल्या विद्यार्थ्याने 1848 साली मुलींची शाळा काढली, 1868 साली घरचा हौद अस्पृश्यांस खुला केला. वस्तादांनीही आपल्या लोकांची मुले शाळेत यावीत म्हणून खटपट केली. कमावलेले शरीर आणि शिकलेले डोके एके ठिकाणी आले म्हणजे काय होते, ते महाराष्ट्राने तेव्हाच पाहिले.

दुसरे खाशाबा जाधव. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे, शेतकऱ्याच्या पोटचे, कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे विद्यार्थी. 1948 साली लंडनच्या ऑलिंपिकात सहावे आले. 1952 साली हेलसिंकीस जाण्यास पैसा नव्हता, तेव्हा गावकऱ्यांनी वर्गणी जमविली आणि कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण टाकून 7,000 रुपये दिले. खाशाबांनी कांस्यपदक आणले. स्वतंत्र हिंदुस्थानास एकट्या खेळाडूने मिळवून दिलेले ते पहिले पदक. शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. पण आम्हांस मिरवणुकीपेक्षा पुढची गोष्ट मोठी वाटते. या गड्याने कुस्त्यांची मैदाने भरविली आणि त्या पैशातून प्राचार्यांचे गहाण घर सोडविले. ज्यांनी आपल्यास उभे केले त्यांचे देणे आधी, हा त्यांचा हिशेब. पुढारीपण ते हेच.

आता आजचा हिशेब पाहू. 24 सप्टेंबर 1873 रोजी जोतीरावांनी सत्यशोधक समाज स्थापला. त्याच तारखेस, 1969 साली, सरकारने राष्ट्रीय सेवा योजना सुरू केली. तारीख एक, पण रीत किती निराळी! विद्यार्थ्याने वर्षास 120 तास सेवा करावी, सात दिवस खेड्यात शिबिर करावे, असा नियम आहे. नियम चांगला आहे. काही ठिकाणी मन लावून काम होते, ते नाकारण्याचे पाप आम्ही करणार नाही. पण पुष्कळ ठिकाणी झाडू हाती धरून छायाचित्र निघते, वहीत तास भरतात, आणि गावची गटारे होती तशीच वाहत राहतात.

याचा दोष केवळ भिक्षुकशाहीवर टाकून आम्हांस सुटता येणार नाही. आज कितीतरी संस्था आमच्याच भाऊबंदांच्या हाती आहेत. पूर्वी भटजी पोथी दाखवून दक्षिणा घेई. आता आमच्यातलाच शिक्षणसम्राट पोरांनी जिंकलेली ढाल दिवाणखान्यात मांडतो आणि तिच्या जोरावर मते मागतो. सोवळे गेले, पण पाया पडून घेण्याची हौस गेली नाही.

कोणी म्हणेल, पोराने खेळावे, अभ्यास करावा, की गावाची सेवा करावी? आम्ही जास्तीचे ओझे घालीत नाही. खुर्च्या उचलण्यात जातो तोच वेळ मागतो. सरकारी नोकरीत प्रावीण्य मिळविलेल्या खेळाडूंसाठी शंभरांत 5 जागा राखल्या आहेत. त्या जागांचा पगार रयतेच्या करातून जातो. तेव्हा रयतेने हिशेब मागितला तर त्यात राग येण्यासारखे काय?

छावणीस लागूनच नागसेनवन आहे. 1950 साली बाबासाहेबांनी या शहरात महाविद्यालय सुरू केले, तेच पुढे मिलिंद झाले. शिक्षण ही कोणाची मेहेरबानी नव्हे, तो आमचा हक्क, हे तेथील प्रत्येक दगड सांगतो. मग त्या शेजारी राहून आमच्या पोरांनी मेहेरबानीचे ओझे का वाहावे?

म्हणून खेळाडू बाळांनो, सुटीत गावी या. पडकी तालीम झाडा. तीत महाराचे, मांगाचे, मराठ्याचे, कुंभाराचे, मुसलमानाचे पोर एकाच मातीत उतरू द्या, आणि आपल्या बहिणीसही मैदानावर आणा. ज्या पाणवठ्यावर अजून जात विचारली जाते, तेथे आधी तुम्ही उभे राहा. तुमची छाती तेथेच कामाची. सायंकाळी तासभर चौथीच्या मुलांस वाचावयास बसवा. आमच्या शाळेची ओसरी त्यासाठी उघडी आहे.

आणि आईबापांनो, पोराने घरी कागद आणला तर शिक्का पाहून हुरळू नका. एवढेच विचारा: "बाळा, तू कोणाचे ओझे उचललेस?" गावाचे उचलले असेल तर गोऱ्हा सार्थकी लागला. धन्याचे उचलले असेल तर तो कागद घेऊन कॉलेजात जा आणि आपल्या दुधाचा हिशेब मागा.