पोटातील गळती

सार्वजनिक खर्चातील गळतीची चर्चा आपल्याकडे सदैव चालते. शिधावाटपाचे धान्य काळ्या बाजारात गेले की विधिमंडळात प्रश्न उपस्थित होतात. परंतु धान्य मुलाच्या पोटात पोचल्यानंतरही गळती होते. तिची नोंद मात्र कोणत्याही लेखापरीक्षणात सापडत नाही.

आतड्याचे आतील अस्तर पेशींच्या एकाच थराचे असते. पचलेले अन्न आत घ्यावयाचे आणि रोगजंतूंना थोपवावयाचे, अशी जकातनाक्यासारखी दुहेरी कामगिरी हा थर बजावतो. परोपजीवी घाला घालतात तो नेमका येथेच. जिआर्डिया हा एकपेशीय जीव अस्तराला चिकटून पेशींमधील सांधे सैल करतो आणि अन्न शोषणारे सूक्ष्म अंकुर आखूड करतो. अंकुशकृमी तर अस्तराला चावा घेऊन रक्तच पितो. सांधे सैल झाले की आतड्यातील जंतूंचे अंश शरीरात शिरतात, आणि वाढीसाठी लागणारी शक्ती त्यांच्याशी झुंजण्यात खर्ची पडते. वस्तुतः अस्तराच्या पेशी तीन ते पाच दिवसांत नव्या होतात. पण दूषित पाण्यातून लागण पुनःपुन्हा होत राहिली, तर ही दुरुस्ती पुरी व्हावी कशी?

२०१५ पासून राष्ट्रीय जंतनाशक दिनी १ ते १९ वयोगटाला अल्बेंडाझोलची गोळी दिली जाते. मोहीम स्वस्त आहे आणि आवश्यकही. (शिक्षकांवर लादलेल्या अशैक्षणिक कामांपैकी हे एक तरी सार्थ म्हणावे लागेल.) तथापि ही एक मात्रा कृमींसाठी आहे, जिआर्डिया तिला सहसा पुरून उरतो. शिवाय गोळी नव्या लागणीला अडवीत नाही.

मग स्वच्छता केली की झाले काय? तेही इतके सोपे नाही. बांगलादेश, केनिया व झिंबाब्वे येथील मोठ्या चाचण्यांचे निष्कर्ष २०१८-१९ मध्ये प्रसिद्ध झाले. कुटुंबांना साधे शौचालय, पाण्यासाठी क्लोरिन आणि हात धुण्याची सोय पुरवूनही मुलांची उंची वाढली नव्हती. यावरून स्वच्छतेवरील खर्च व्यर्थ ठरविणारे उतावीळ आहेत. अंगणातील माती, कोंबड्या, शेजाऱ्याचे सांडपाणी हे सारे तसेच राहिले, तर एका घराच्या साबणाने काय साधणार? खर्च तुटपुंजा पडला, एवढाच त्याचा अर्थ.

जिल्हा परिषदेत शालेय पोषण आहाराचा खर्च एका समितीपुढे येतो आणि गावच्या पाण्याचा तपासणी-अहवाल दुसरीपुढे. निदान हे दोन कागद एकाच सभेत, एकाच विषयपत्रिकेवर ठेवावयास तरी नवा निधी लागत नाही.