शेंदराखालचे शिसे

प्रतिस्पर्धी गवयाचा आवाज बसावा म्हणून त्याला विड्यातून शेंदूर चारल्याच्या आख्यायिका आपल्याकडे पूर्वापार सांगितल्या जातात. त्यांतील खरेखोटे बाजूला ठेवले तरी लोकसमजुतीने एक गोष्ट अचूक ओळखली होती. परंपरागत शेंदूर म्हणजे शिशाचा ऑक्साइड, आणि शिसे हे मज्जातंतूंचे विष आहे. गावच्या मारुतीच्या अंगावर तो चढतो तोवर कोणाची तक्रार नाही. त्याच बोटांनी मूल खाऊ लागले म्हणजे मात्र प्रश्न देवाचा राहत नाही. (पालकांना ज्या शिसपेन्सिलीची धास्ती वाटते, तिच्यात शिसे मुळीच नसते, असते ते ग्राफाइट.)

शिशाचे कपट असे, की शरीर त्याला कॅल्शियम समजून थारा देते. हाडांत ते वर्षानुवर्षे साठते, गरोदरपणी तेथून निघून गर्भापर्यंत पोहोचते, आणि मेंदूत पेशीपेशींमधील निरोपांची देवघेव बिघडवते. पोटात गेलेल्या शिशापैकी जितका अंश मोठ्या माणसाच्या अंगी लागतो, त्याच्या चार-पाच पट लहान मुलाच्या लागू शकतो. लोह व कॅल्शियम कमी पडलेल्या मुलात तर अधिकच. सातपुड्याच्या पायथ्याशी चोपडा, यावल, शिरपूर येथील अर्धपोटी मुलांचा विचार या संदर्भात मनात आल्यावाचून राहत नाही.

शिक्षकांनी तर १९७९ साली प्रसिद्ध झालेले एक अमेरिकन संशोधन अवश्य जाणून घ्यावे. हर्बर्ट नीडलमन यांनी बॉस्टनजवळच्या शाळांतील पहिली-दुसरीच्या मुलांचे पडलेले दुधाचे दात गोळा करून त्यांतील शिसे मोजले. कोणत्या मुलाच्या दातांत किती शिसे आहे हे ठाऊक नसलेल्या शिक्षकांनी त्या मुलांच्या वर्गातील वागणुकीविषयी मत दिले. शिसे जितके अधिक, तितके ‘लक्ष नाही’, ‘चंचल आहे’, ‘सांगितलेले कळत नाही’ असे शेरे अधिक! बुद्धिमापनातही ही मुले मागे पडली. ज्याला आपण ‘ढ’ म्हणून मागच्या बाकावर बसवले, त्याच्या प्रगतिपुस्तकावरील शेरा वस्तुतः शिशाचा तर नव्हता ना, ही शंका प्रामाणिक शिक्षकाला अस्वस्थ करील.

उपाय होतच नाही असे नाही. २००० साली देशभर शिसेविरहित पेट्रोल आले. त्यानंतर मुंबईतील बालकांच्या रक्ताची तपासणी झाली, तेव्हा दर डेसिलिटरला दहा मायक्रोग्रॅमची मर्यादा ओलांडणारी मुले सुमारे एक-तृतीयांश निघाली. त्याआधी ती निम्म्याहून अधिक होती. अर्थात ही घट समाधान मानण्याजोगी नव्हे. शिशाचे निर्धोक प्रमाणच नाही, असे जागतिक आरोग्य संघटना म्हणते. जगातील दर तीन मुलांपैकी एकाच्या रक्तात ते पाच मायक्रोग्रॅम वा अधिक आहे, हा युनिसेफचा २०२० चा अंदाज.

मग आपल्या खानदेशाचे काय? धुळ्याला मुंबई-आग्रा व सुरत-नागपूर हे महामार्ग मिळतात. जेथे मालमोटारी, तेथे जुन्या बॅटऱ्या. आणि त्या घराच्या पडवीत फोडून शिसे वितळवले गेले, तर ती माती पिढ्यानपिढ्या विषारी राहते. टाकाऊ बॅटऱ्यांबाबत २०२२ चे नियम आहेत, परंतु भंगाराच्या गाड्यावर नियमाची प्रत कोण वाचतो? जळगाव हे पीव्हीसी नळांचे मोठे केंद्र. या नळांत शिशाची संयुगे वापरण्यावर केंद्र सरकारने २०२१ मध्ये नियम करून निर्बंध घातले. पण जमिनीत पूर्वीच पुरलेल्या नळांचे पाणी तपासण्याचे काम कोणी तरी अंगावर घेतले पाहिजे. भांड्यांना कल्हई करताना कथिलात शिसे मिसळण्याची युक्तीही जुनीच आहे.

एकदा झालेली बौद्धिक हानी औषधाने भरून निघते, असा पुरावा नाही. रक्तातील शिसे उतरवता येते, गेलेली बुद्धी परत येत नाही. म्हणून आधी मोजमाप हवे. शालेय आरोग्य तपासणीत हिमोग्लोबिनबरोबर शिसेही पाहिले जावे. धुळे व जळगाव येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांनी रक्ताचे आणि जळगावच्या विद्यापीठातील रसायनशास्त्राच्या विभागाने माती-पाण्याचे काम वाटून घ्यावे. चोपड्याकडील एखादी आश्रमशाळा आणि धुळ्यातील महामार्गालगतची एखादी नगरपालिकेच्या काळापासूनची जुनी शाळा, एवढ्या दोन ठिकाणांपासून याच शैक्षणिक वर्षी आरंभ करता येईल. त्यासाठी नवा आयोग नेमण्याचे कारण नाही.