शनिवारचा दम

दहावीच्या हजेरीपटात एका मुलाच्या नावापुढे लागोपाठ चार शनिवार गैरहजेरी दिसली. जुम्म्याच्या सुट्टीला आणखी एक दिवस जोडून घेतो, असे समजून आम्ही त्याला भर वर्गात बोललो. मान खाली घालून तो म्हणाला, "सर, शनिवारी अब्बांना दम लागतो. त्यांच्या मागावर मी उभा राहतो." आम्हाला त्या बोलण्याची अजून लाज वाटते.

त्याच्या घरी गेलो. अब्बा वीस वर्षे सुती मागावर. छातीचा फोटो काढला होता, तो साफ. थुंकीत टीबी नाही. दम्याचे औषध चालू होते. पण दम शनिवारीच का, हे कोणी विचारले नव्हते आणि त्यांनीही सांगितले नव्हते.

कापसाच्या धुळीने होणाऱ्या या आजाराला बिसिनोसिस म्हणतात. डॉक्टरी पुस्तकांत त्याचे जुने नाव 'सोमवारचा ताप', कारण तिकडच्या गिरण्यांना सुट्टी रविवारी. आमच्या मालेगावात माग शुक्रवारी बंद, म्हणून इथे तो शनिवारी येतो. कापसाच्या धुळीत पाना-देठाचे कण आणि जंतूंचे विष असते. रोज धूळ खाणारी छाती तिला काहीशी सरावते; सुट्टीत तो सराव मोडतो आणि कामाच्या पहिल्या दिवशी छाती आवळते. पुढे दुसरा दिवस, तिसरा दिवस, मग आठवडाभर. सुरुवातीला धुळीपासून दूर गेल्यास माणूस सुधारतो. फार उशीर झाला की फुप्फुसाचे नुकसान कायमचे राहते. बिडी ते लवकर आणते.

फोटो साफ आला म्हणून निर्धास्त होऊ नका, या आजाराची ठळक खूण फोटोत दिसत नाही. फुंकर मारून होणारी तपासणी, स्पायरोमेट्री, शनिवारी कामाआधी आणि पाळीनंतर अशी दोनदा करून घ्यावी. बहिणींनो, घरच्या कॅलेंडरवर दम लागल्याच्या दिवशी फुली मारा आणि ते पान डॉक्टरांना दाखवा. काम कोणते, हे आधी सांगा.

तोंडावरचा रुमाल मोठे तंतू अडवतो, बारीक धूळ नाही. त्यासाठी एन-९५ मास्क लागतो. हवेच्या पाइपने माग झटकला की बसलेली धूळ पुन्हा सगळ्यांच्या छातीत जाते. झाडण्यापूर्वी जमिनीवर पाणी शिंपडणे मालकाला काही महाग नाही.

कायद्यात हा आजार सरकारला कळवायच्या आजारांच्या यादीत आहे, भरपाईच्या आजारांतही आहे. पण पगार मीटरवर, हजेरीपुस्तक नाही, मग वीस वर्षे कुठे काम केले हे दाखवायचे कशाने? आठवड्याच्या हिशेबाची चिठ्ठी तरी फेकू नका.

त्या अब्बांना मालकाने आता कापडाच्या घडीवर बसवले आहे. तिथे धूळ कमी, पैसेही कमी. मुलगा गेल्या शनिवारी वर्गात होता. या शनिवारी पुन्हा नव्हता. घर भागत नाही म्हणून रिकामा माग त्यानेच धरला आहे. उद्या आम्ही पुन्हा त्यांच्या घरी जाणार आहोत.